कातळ, किल्ला आणि कॅमेरा

कोकणचे छायाचित्र म्हटले की डोळ्यांपुढे एक ठरीव देखावा उभा राहतो. समुद्राकडे झुकलेला माड, त्याच्यामागे बुडता सूर्य, ओल्या पुळणीवर उमटलेले तांबूस प्रतिबिंब आणि कोपऱ्यात एखादी होडी. दिनदर्शिकेवर, हॉटेलाच्या भिंतीवर आणि सहलीहून परतलेल्या मंडळींच्या संग्रहात हे एकच चित्र नाना आकारांत भेटते. ते खोटे नाही. परंतु त्यात कोकण फार थोडे असते. किनाऱ्यावरचा तो माड मागे टाकून अर्ध्या तासाची चढण चढली की जो काळा, उघडा, निष्पर्ण सडा लागतो, तो त्या चित्रात नसतो. लाटांनी खाऊन टाकलेला तट नसतो, डोंगराच्या कुशीतून उतरणारी जांभ्याची पाखाडी नसते, आणि ज्यांनी हे सारे घडवले त्या माणसांचा मागमूसही नसतो. ही उरलेली कोकणभूमी कॅमेऱ्याने कशी पाहावी आणि ती पाहणे आज का निकडीचे झाले आहे, याचा विचार करण्याजोगा आहे.

प्रथम भूमीचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. एका बाजूस सह्याद्रीची उभी भिंत आणि दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र, यांच्यामध्ये सापडलेली ही अरुंद पट्टी आहे. घाटमाथ्यावरून निघालेल्या नद्यांना समुद्र गाठावयास फार अंतर नसते. म्हणून त्या खोल दऱ्या कोरीत धावतात आणि मुखाशी लांबच लांब खाड्या निर्माण करतात. दोन खाड्यांच्या मधला भाग पठारासारखा उंच राहतो आणि समुद्राशी येऊन एकदम कड्यासारखा तुटतो. उत्तरेकडे, रायगड जिल्ह्यात, हा खडक बहुतांशी काळा बसाल्ट आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत त्याच्यावर जांभ्याचे जाड कवच आहे. फ्रान्सिस बुकॅनन या प्रवासी शास्त्रज्ञाने १८०७ साली केरळातील असाच दगड पाहून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून ते आले आहे, आणि ते अत्यंत समर्पक आहे. जमिनीतून नुकताच काढलेला जांभा कुऱ्हाडीने तासता येतो. हवा लागली की तो घट्ट होतो. कोकणातील घरे, गडगे, विहिरी, देवळांचे चौथरे आणि कित्येक किल्ल्यांचे बुरूज याच चिऱ्याने उभे राहिले.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने या दगडाचा एक गुण फार महत्त्वाचा आहे. कापल्यावर तो विटेसारखा लाल दिसतो. परंतु वर्षानुवर्षे पाऊस आणि ऊन खाल्लेला त्याचा पृष्ठभाग शेवाळाने व साक्याने काळा पडतो. त्यामुळे मे महिन्यात सड्यावर गेलेल्या माणसाला वाटते, येथे टिपण्यासारखे काही नाही. तोच सडा श्रावण-भाद्रपदात पाहावा. कातळाच्या खळग्यांत वीतभर पाणी साचलेले असते, त्यात आभाळ उतरलेले असते, आणि बोटभर मातीच्या आधाराने इवल्या फुलांचे निळे, पांढरे, पिवळे गालिचे पसरलेले असतात. ‘सीतेची आसवे’ या नावाने ओळखली जाणारी निळसर जांभळी फुले उमलतात ती याच ओलसर कातळावर, आणि ती वनस्पती चिमुकल्या जीवांना पकडून आपले पोषण करते. महिना-दीड महिन्यात हा सोहळा आटोपतो, गवत वाळते, आणि कातळ पुन्हा उघडा पडतो. एकाच जागेची वैशाखातील आणि भाद्रपदातील अशी दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर कोकण समजण्यास शंभर ओळींचे वर्णन लागणार नाही.

यानंतर येतो प्रकाश. कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख आहे, ही भूगोलाच्या पुस्तकातील गोष्ट. परंतु तिचा अर्थ कॅमेरा हाती घेतल्यावरच कळतो. किनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे पाहणाऱ्याच्या पाठीशी सकाळचा सूर्य असतो. मालवणच्या बंदरावरून सिंधुदुर्गाकडे पाहिले तर सकाळी त्याच्या तटावर थेट प्रकाश पडतो, चिऱ्याचिऱ्यातील सांधे मोजता येतात, बुरुजांची वळणे उठून दिसतात. सायंकाळी सूर्य किल्ल्याच्या मागे जातो आणि तोच किल्ला काळ्या कागदातून कातरल्यासारखा सपाट होतो. हौशी मंडळी बहुधा सायंकाळीच येतात, म्हणून सिंधुदुर्गाची बहुतेक चित्रे आकृतीची असतात, बांधणीची नसतात. ज्याला किल्ल्याचा आकार हवा त्याने संध्याकाळ धरावी. ज्याला किल्ला हवा त्याने पहाटे उठावे.

सूर्याची आणखी एक खोडी येथे सांगितली पाहिजे. मालवण, रत्नागिरी ही गावे साधारण सोळा ते सतरा अंश अक्षांशावर आहेत. तेथे मे महिन्याच्या पूर्वार्धात आणि पुन्हा ऑगस्टच्या पूर्वार्धात एकेक दिवस असा येतो की मध्यान्ही सूर्य थेट माथ्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी नाहीशी होते. सुट्टीतील प्रवासी नेमके मे महिन्यात येतात आणि दुपारी बारा वाजता तटाची, देवळाची, कोरीव खांबाची चित्रे घेतात. उठावाला सावलीची जोड नसली म्हणजे कोरीवकाम दिसेनासे होते; मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो. शिवाय सूर्यास्ताची जागाही वर्षभर एक नसते. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे बुडतो, जूनमध्ये वायव्येकडे. या दोन टोकांमध्ये सुमारे पन्नास अंशांचे अंतर पडते. अमुक किल्ल्याच्या मागे सूर्य मावळताना हवा असेल तर कोणत्या महिन्यात कोठे उभे राहावे, हे नकाशा पुढे घेऊन घरीच ठरवता येते.

समुद्राचे वेळापत्रक त्याहून अवघड वाटते. परंतु कोकणच्या माणसाने ते केव्हाच सोपे करून ठेवले आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास समुद्र भरतो; तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. दक्षिणेकडे जावे तसा वेळेत फरक पडतो, म्हणून छापील कोष्टक पाहावे हे उत्तम. परंतु त्यातून एक मर्म हाती येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, पाणी सर्वांत अधिक चढते आणि सर्वांत अधिक उतरते; आणि त्याच दिवसांत ओहोटी सकाळ-संध्याकाळी येते. म्हणजे किनाऱ्यावरचे खडक, त्यांवरचे शिंपले, खडपातील डबकी आणि तटाचा एरवी पाण्याखाली असणारा पाया हे सारे उघडे पडते तेव्हा प्रकाशही मऊ असतो. अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत तसे घडत नाही. तेव्हाची ओहोटी भर दुपारी येते आणि पाणीही फारसे मागे हटत नाही. ज्या छायाचित्रकाराने गावच्या तांडेलाला एकदा विचारून घेतले, त्याचे चार दिवसांचे काम एका सकाळी होते. जो विचारीत नाही तो पुष्कळदा भरतीत खडकावर अडकतो, आणि मग त्याला सोडवावयास तोच तांडेल यावा लागतो.

आता किल्ल्यांकडे वळावे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली, आणि पुढल्या तीन वर्षांत सुमारे अठ्ठेचाळीस एकरांवर हा जलदुर्ग उभा राहिला. नागमोडी जाणारा त्याचा तट, दोन बुरुजांच्या आड दडलेला दरवाजा, खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावरील गोड्या पाण्याच्या दुधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी, आणि राजाराम महाराजांच्या काळी बांधलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर, यांतील प्रत्येक गोष्ट छायाचित्राचा स्वतंत्र विषय आहे. येथे एक सूचना उपयोगी पडेल. तटाची भव्यता दाखवावयाची असेल तर चित्रात माणूस असावा. तटाच्या पायथ्याशी जाळे खांद्यावर टाकून चाललेला कोळी दिसला की तटाची उंची आपोआप मोजली जाते. माणसावाचून तोच तट गडग्याएवढाही वाटू शकतो.

विजयदुर्गाचे महत्त्व निराळे. वाघोटण खाडीच्या मुखाशी एकात एक अशा तीन तटांनी वेढलेला हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचे बळकट ठाणे होता. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि त्या लढाईत खाडीत उभे असलेले मराठी आरमार जळाले. आज तेथे उभे राहिलेल्या माणसाला ते आरमार दिसत नाही. दिसते ते शांत पाणी. अशा वेळी छायाचित्रकाराने काय टिपावे? तटावरून खाडीचे मुख आणि आत वळत गेलेले पाणी एकाच चौकटीत घेतले तर गलबते येथेच का ठेवली गेली, शत्रू कोणत्या बाजूने आला आणि तोफा कोठे रोखल्या गेल्या, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येते. इतिहासाचे चित्र घेणे म्हणजे घडलेली जागा अशा रीतीने दाखवणे की घडण्याचे कारण उमजावे.

आणि मुरूडजवळचा पद्मदुर्ग! जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी कासा बेटावर उभारलेला हा छोटा दुर्ग जंजिऱ्याच्या लौकिकापुढे झाकून गेला आहे. परंतु त्याच्या तटावर एक अद्भुत पाहावयास मिळते. लाटांच्या आणि खाऱ्या वाऱ्याच्या माऱ्याने तेथील दगड आतून झिजून खोल गेले आहेत, आणि ते जोडणारा चुना मात्र जागच्या जागी, मधाच्या पोळ्यासारखी चौकट धरून उभा आहे. दगड विरला आणि सांधा टिकला. तिरप्या उन्हात जवळून घेतलेले या तटाचे एक चित्र मराठी गवंड्याच्या कौशल्याविषयी जे सांगते, ते कोणत्याही बखरीत लिहिलेले नाही. परंतु तेच चित्र दुसरीही एक गोष्ट सांगते, ती अशी की समुद्र आपले काम थांबवीत नाही. दहा वर्षांच्या अंतराने त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून घेतलेली दोन चित्रे दगड किती झिजला हे सांगू शकतील. आणि दुरुस्ती कोठे आधी हवी हेही. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग या चार जलदुर्गांचा समावेश असलेली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची मालिका जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाली. पद्मदुर्ग त्या यादीत नाही. जे यादीत नाही त्याची नोंद ठेवण्याचे काम तर अधिकच अगत्याचे.

छायाचित्रण हे मुळी नोंदीसाठीच या देशात रुजले, याची आठवण येथे करावी. पॅरिसमध्ये १८३९ साली या विद्येची घोषणा झाली, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीदेखील. गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले पुराणवस्तूंचे थोर अभ्यासक डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी या विद्येत आरंभीच रस घेतला. पुढे इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे लाला दीनदयाळ यांनी १८७४च्या सुमारास कॅमेरा हाती धरला, मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची चित्रे घेतली, आणि शेवटी हैदराबादेस निजामाचे दरबारी छायाचित्रकार होऊन ‘राजा’ या किताबाने ते सर्वश्रुत झाले. त्या काळची पद्धत आज ऐकून घाम फुटेल. काचेच्या तावदानावर कलोडियनचा थर चढवावयाचा, तो चांदीच्या क्षारात बुडवावयाचा, आणि ओला असेतोच, म्हणजे अवघ्या काही मिनिटांत, चित्र घेऊन ते काळ्या तंबूत धुवावयाचे. तंबू, रसायने, काचा व पाणी बैलगाडीवर लादून डोंगर चढावे लागत. दिवसाकाठी मोजकीच चित्रे निघत. म्हणून प्रत्येकापूर्वी विचार होत असे. आज खिशातील दूरध्वनीने एका मिनिटात पन्नास चित्रे निघतात आणि विचाराला सवडच उरत नाही. त्या वडीलधाऱ्यांचे तंत्र गेले ते बरेच झाले. त्यांचा धीर मात्र गेला, ही हानी झाली.

या धीराची खरी कसोटी लागते ती सड्यावरच्या कातळशिल्पांपाशी. जांभ्याच्या सपाट पृष्ठभागावर रेषा खोदून काढलेली माणसे, हत्ती, वाघ, मासे, गेंडे, हरणे आणि अर्थ न लागणाऱ्या भौमितिक आकृती दक्षिण कोकणात शेकड्यांनी आहेत. काही ठिकाणे गावकऱ्यांना पूर्वापार ठाऊक होती. मालवण तालुक्यात कुडोपी येथील जागेला ‘बावल्यांचे टेंब’ असे नावच आहे. परंतु रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२पासून गावोगाव हिंडून, गुराख्यांना व शेतकऱ्यांना विचारून शोध घेतला, तेव्हा या ठेव्याचा विस्तार जगापुढे आला. त्यांचा निश्चित काळ अजून ठरावयाचा आहे. मात्र चित्रांत शेतीचा पत्ता नाही आणि प्राण्यांची रेलचेल आहे, यावरून ती शिकारीवर जगणाऱ्या माणसांची, हजारो वर्षांमागची असावीत असे पुरातत्त्वज्ञ मानतात. ज्या भूमीवर आज गेंडा नाही तेथे कातळावर गेंडा आहे, ही एकच गोष्ट विचारात पाडणारी आहे. गोव्यात कुशावती नदीकाठी फणसायमळ येथेही जांभ्यावर बैल, मोर आणि एकात एक फिरत जाणारी चक्राकार आकृती कोरलेली आहे. महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील हे एक, अशी नऊ स्थळे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत नोंदली गेली.

परंतु ही शिल्पे छायाचित्रकाराला सहजी वश होत नाहीत. देवळातील मूर्ती समोर उभी असते. हे चित्र पायाखाली आडवे पसरलेले असते. उभ्या माणसाच्या डोळ्याला ते चेपलेले, तिरके दिसते. कशेळी येथील हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे आणि त्याच्या देहात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. त्याच्या पायाशी उभ्या राहिलेल्या माणसाला फक्त काही खाचा दिसतात. हत्ती दिसत नाही. शिडी लावली तरी तो पुरता चौकटीत मावत नाही. ड्रोन नावाचे उडते यंत्र आल्यावर हा प्रश्न सुटला; मात्र ते उडवण्यासाठी नियमाप्रमाणे परवानगी घ्यावी लागते, हे विसरता कामा नये. ज्याच्यापाशी ते नाही त्याने निराश होण्याचे कारण नाही. उंच काठीच्या टोकाला कॅमेरा बांधून, एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारी अनेक चित्रे ओळीने घेतली, तर संगणक ती जुळवून संपूर्ण आकृती, एवढेच नव्हे तर रेषेची खोलीही दाखवू शकतो.

वेळ मात्र सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा पाऊण तास. तेव्हा ऊन जमिनीलगत सरपटत येते आणि बोटभर खोल खाचेतही सावली भरते. पावसाची सर ओसरल्यावर खाचांत पाणी उरते आणि आभाळाचा उजेड त्यात चमकतो. तेव्हा सारे चित्र चांदीच्या तारेने काढल्यासारखे उमटते. खोदणाऱ्याने जेव्हा हा काळा पृष्ठभाग पहिल्याने फोडला असेल तेव्हा आतली लाल रेषा दुरूनही दिसत असेल. आज रेषा आणि कातळ दोन्ही काळवंडले आहेत. म्हणून निसर्गाच्या प्रकाशाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. ही वाट पाहण्याचा कंटाळा ज्यांना येतो ते खडूने किंवा चुन्याने रेषा भरतात. चित्र ठळक येते खरे. परंतु रेषा जशी आहे तशी राहत नाही, आणि जी रेषा मुळात नव्हती तीही उत्साहाच्या भरात काढली जाते. जे टिपण्यासाठी आलो तेच पुसून जाण्याचा हा प्रकार आहे. पादत्राणे घालून शिल्पावर उभे राहून घेतलेली चित्रेही याच जातीची.

नोंदीचे चित्र कसे असावे याचे नियम थोडे आणि सोपे आहेत. शिल्पाशेजारी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची मीटरकाठी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. उत्तर दिशेचा बाण ठेवावा, म्हणजे मांडणी कळते. तारीख, वेळ आणि गाव लिहून ठेवावे. येथेही कातळाने एक गंमत करून ठेवली आहे. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे येथे कोरलेल्या मानवाकृतीपाशी होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते. तेथील खडकात चुंबकीय विक्षेप आहे. अशा जागी दिशा ठरवावी ती सावलीवरून. यंत्रावर आंधळा भरवसा टाकणाऱ्याला पाषाणाने दिलेला हा धडाच म्हणावा.

हे नियम कोरडे वाटतील. परंतु त्यांच्यामागे एक मोठी चिंता उभी आहे. सडा हा सरकारी कागदांत पुष्कळदा पडीक जमीन म्हणून ओळखला जातो. चिरेखाणीचे यंत्र एका हंगामात जेवढा कातळ कापते तेवढा हजार पावसाळ्यांनी झिजवला नसता. रस्ता रुंद होतो, कलमांची बाग लावण्यासाठी सुरुंगाने खड्डे पाडले जातात, माती टाकून सडा भरला जातो. यांतील प्रत्येक काम करणाऱ्याला आपापले कारण असते, आणि कोकणच्या माणसाला रोजगार नको असे कोणी म्हणू शकत नाही. घरासाठी चिरा हवा, आणि आंबा तर कोकणचा प्राण. परंतु काय गमावले जात आहे हे कळल्यावाचून गमावणे, आणि कळून निवड करणे, यांत अंतर आहे. बारसू येथे दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कातळावर कोरलेला आहे. तेथील सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्प योजिला गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये माती-परीक्षणाच्या वेळी मोठे आंदोलन झाले, तेव्हा त्या माणसाचे आणि त्या दोन वाघांचे छायाचित्र वृत्तपत्रांतून घरोघर पोचले. प्रकल्प असावा की नसावा याविषयी मते वेगळी असू शकतील. परंतु त्या छायाचित्रानंतर त्या सड्याला कोणी सहजासहजी ‘रिकामी जागा’ म्हणू शकले नाही. छायाचित्राचे सामर्थ्य एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

याला दुसरी बाजूही आहे. एखाद्या निवांत स्थळाचे सुंदर चित्र प्रसिद्ध झाले की पुढच्या रविवारी तेथे गाड्यांची रांग लागते. गाव तयार नसते, कुंपण नसते, राखणदार नसतो. उरतो तो प्लास्टिकचा कचरा आणि कातळावर कोरलेली नवी नावे. म्हणून जाणते छायाचित्रकार असुरक्षित स्थळाचा नेमका ठावठिकाणा छापीत नाहीत. तो अभ्यासकांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवतात. प्रथम गावाला विश्वासात घ्यावे, मग जगाला सांगावे, हा क्रम राखला तर गावच त्या शिल्पाचा पहिला पहारेकरी होतो.

कोकणचा वारसा सड्यावर आणि तटावर संपत नाही. जांभ्याच्या चौथऱ्यावरचे कौलारू देऊळ, त्यापुढील दीपमाळ, देवराईतील गर्द सावली, उतरत्या छपराचे घर आणि सारवलेले खळे, मालवणी किनाऱ्यावर दोन्ही टोकांनी ओढली जाणारी रापण, पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी, रात्रीच्या जत्रेतील दशावतार हे सारे त्याच वारशाचे अंग आहे. येथे कॅमेऱ्याला तंत्रापेक्षा शिष्टाचार अधिक लागतो. गाभाऱ्याचे चित्र पुजाऱ्याला विचारून घ्यावे. रापण ओढणाऱ्यांच्या वाटेत तिपाई रोवू नये. दशावताराच्या पात्राच्या डोळ्यांवर एकाएकी झगझगीत प्रकाश पाडू नये. रंगपटात तोंड रंगवीत बसलेला शेतकरी हळूहळू राजा होत जातो, तेथे कोपऱ्यात मुकाट्याने बसावयास परवानगी मिळाली तर याहून मोठे भाग्य नाही. आणि ज्याचे चित्र घेतले त्याला त्याची एक प्रत पोचवावी. ही साधी गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते.

सामग्रीची काळजीही या भूमीत निराळी घ्यावी लागते. समुद्रावरून येणारे खारे तुषार भिंगावर बसतात. ते आधी फुंकणीने उडवावेत, मगच मऊ फडक्याने पुसावे, नाहीतर मिठाचे कण भिंगाला चरे पाडतात. पावसाळ्यातील दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते, म्हणून ओल शोषणारी पुडी पेटीत असावी. ओल्या कातळाची व पाण्याची फाजील चमक मारण्यासाठी पोलरायझर नावाची काच उपयोगी पडते. शिल्पाच्या रेषा चमकीमुळेच दिसत असतील तेव्हा मात्र तीच काच काढून ठेवावी.

शेवटी एक विचार कोकणापासून दूर राहणाऱ्यांसाठी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घराण्यांपैकी अनेकांचे मूळ गाव याच अरुंद पट्टीत आहे. पेशव्यांचे भट घराणे श्रीवर्धनचे. झाशीचे नेवाळकर लांजाजवळच्या कोट गावचे. घाट चढून गेलेल्या या मंडळींनी पुढे कधीतरी कुलदेवतेच्या दर्शनासाठी गावाकडे फेरी केली असेल, आणि एखाद्या मुक्कामात कोणीतरी घराच्या ओटीवर, देवळाच्या पायरीवर किंवा तरीच्या धक्क्यावर सर्वांना बसवून फोटो काढला असेल. तो फोटो आज एखाद्या लोखंडी पेटीत, पिवळा पडून, पाठीमागे काही न लिहिता पडला असेल. त्यात माणसांच्या मागे जे दिसते ते पाहावे. ते घर आज नसेल. जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगर पट्टीतील कित्येक घरांची कौले उडाली आणि पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ती वाडी पूर्वी कशी होती याची साक्ष देणारे दुसरे काही उरले नसेल. असा फोटो घरातील वृद्ध माणसापुढे ठेवावा, गाव कोणते, देऊळ कोणते, साल साधारण कोणते आणि बसलेली माणसे कोण, हे विचारून पाठीमागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे, आणि त्याची एक नक्कल गावी पाठवावी. हे काम करण्यास उत्तम कॅमेरा लागत नाही. सांगणारे माणूस हयात असावे लागते. पद्मदुर्गाच्या तटाला समुद्राने साडेतीनशे वर्षे दिली. माणसाच्या आठवणीला तेवढी सवड मिळत नाही.